तो मळ नव्हता, वहिनी

वहिनी, बाटली सापडली. मोरीवरच्या फळीवर, जुन्या तांब्याच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली. ॲसिडची. आणि तिचं सील फोडलेलं नव्हतं. झाकणाभोवतीची प्लास्टिकची पट्टी दुकानातून आली तशी शाबूत होती. ती हातात धरून मी तुझ्या रिकाम्या खाटेवर बसलो आणि खरं सांगतो, इतका राग तू जिवंत असताना मला कधी आला नव्हता. आणि तू जिवंत असताना मला तुझा किती राग यायचा, हे लालबागच्या या अख्ख्या चाळीला ठाऊक आहे.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. तेरावं झालं, गावची माणसं गावाला परतली. जो येईल तो तुझं कौतुक करून गेला. देवमाणूस होती म्हणे. शब्दाला मान द्यायची म्हणे. मी कोपऱ्यात मान खाली घालून बसलो होतो. ज्या बाईनं पंचवीस वर्षं फरशीच्या बाबतीत माझं एक अक्षर ऐकलं नाही, तिनं कुणाच्या शब्दाला मान दिला हे मला ऐकवत नव्हतं. म्हणून हे लिहितोय. फरशीकामाची मापं लिहितो त्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. ज्योतीला दाखवणार नाही.

ज्योतीचं आधी सांगतो, कारण सगळा घोळ तिच्यापासून सुरू झालाय. तुझी लेक सतरा दिवस धड झोपलेली नाही. जावई सांगत होते, पहाटे उठून गॅलरीत जाऊन बसते. परवा तिचा फोन आला. दादरच्या त्या लॅबमधूनच केला असावा, मागे मशीनचा आवाज येत होता.

“काका, तू फरशी बघायला जाणार आहेस ना? आईच्या खाटेपाशी डाग आहेत. छोटे छोटे. तू बघून मला सांग.”

“कसले डाग? तुझ्या आईच्या ॲसिडचे असणार. मी दसऱ्यालाच बघितलेत ते.”

“ॲसिडचे असे ठिपके नसतात रे. मला ते वेगळे वाटतात.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, उलट्या कधीपासून होतायत? मी म्हटलं, उलट्या नाहीत, चार दिवस जेवण जात नाही एवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त. काका, मी दर रविवारी येत होते. रक्त-लघवी तपासण्यात माझा दिवस जातो आणि आईचं मला दिसलं नाही का? तू दगड बघून सगळं ओळखतोस. मला खरं काय ते सांग.”

दगड बघून सगळं ओळखतो. हे तिला कोणी सांगितलं? तूच ना? माझ्या तोंडावर कधी म्हणाली नाहीस. माझ्या तोंडावर तू म्हणायचीस, “तुका काय कळता?”

मला जे काही कळतं त्याची सुरुवात तू करून दिलीस, हे मी कधी तुझ्या तोंडावर बोललो नाही. फिट्टंफाट. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी नऊ वर्षांचा. आई गावाला, बाबा आणि दादा गिरणीत, आणि या दहा बाय बारात तू आणि मी. घरातले म्हणाले, वहिनीला अहो-जाहो कर. तू म्हणालीस, “माका नको ता, म्हातारी झाल्यासारख्या वाटता.” म्हणून आजपर्यंत ‘तू’. फरशी पुसायला तूच शिकवलंस. भिंतीकडून दाराकडे, मागे मागे सरकत, फडका अर्ध्या वर्तुळात फिरवायचा. तू डावरी, त्यामुळे तुझी अर्धवर्तुळं उलटी पडायची. मी तुझं बघून शिकलो आणि उजव्या हातानं उलटी अर्धवर्तुळं काढायला लागलो. अजूनही माझा हात तसाच फिरतो. कामावरची पोरं हसतात.

बारावी सायन्सला केमिस्ट्रीत आपटलो तेव्हा दादा आठ दिवस बोलला नव्हता. तू खालच्या मजल्यावरच्या पॉलिशवाल्याकडे जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, ह्याला हाताखाली घे. मी रडत होतो की फरशा घासायला पाठवतायत. तुझं उत्तर मला पाठ आहे. “मी काय करतंय दिवसभर? माका लाज नाय वाटणा, तुका वाटता?” ज्या केमिस्ट्रीत नापास झालो ती पुढे चाळीस वर्षं गुडघ्यावर बसून शिकलो. गिरगावात वकिलांच्या घरचे हॉल केले, लोअर परळच्या टॉवरमधल्या लॉब्या केल्या. मोठमोठी माणसं मला विचारतात, या डागाचं काय करू. मी सांगतो तसं करतात. तू सोडून सगळी.

ही फरशी मी घातली, वहिनी. एका लॉबीच्या कामातले उरलेले पांढऱ्या मार्बलचे तुकडे मालकाला विचारून उचलून आणले, जोडून जोडून बसवले. चार रविवार लागले. मोरीकडे बरोबर उतार दिला, कुठे थेंब साचणार नाही असा. दादा तेव्हा होता. तो अनवाणी चालून बघत होता. तू काय म्हणालीस? “पांढरी कित्याक? मळ दिसतलो.” आणि तिसऱ्या दिवशी संडासात टाकायचं ॲसिड आणून ओतलंस.

मी संध्याकाळी आलो तर खिडकीखालचा फूटभर भाग आंधळा झालेला. चकाकी गेली, हात फिरवला तर खडूसारखं लागलं. तू आनंदात होतीस. म्हणालीस, “बाबू, काय मळ निघालो रे! नुसतो फेस. फसफस फसफस करीत होतो.”

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते सतरा दिवसांपूर्वीपर्यंत संपलं नाही.

मी तुला किती परीनं सांगितलं. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जिन्यातली शहाबादी, बाजूवाल्यांच्या ओट्यावरचा कडप्पा, पानाला लावायचा चुना ज्यापासून करतात तो दगड, अंड्याचं कवच, सगळी एकाच कुळातली मंडळी. ॲसिड पडलं की हा दगडच विरघळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचे बुडबुडे म्हणजे तुझा फेस. विरघळलेला दगड पाण्याबरोबर मोरीत जातो. तो मळ नाही, वहिनी. ती फरशी निघून चाललीय.

“मग काळा पाणी कसला निघता?” तू.

काळं पाणी मळाचंच होतं. दगडाचा वरचा पापुद्रा विरघळला तर त्यावर बसलेला मळ जाणारच. भिंत पाडली तर भिंतीवरचा डाग जातो, तसं. पण तुला वाटायचं मी शब्द फिरवतोय.

मग मी प्रयोग केला, आठवतं? एक कोरा तुकडा आणला. मशीनवर घासला, साबणानं धुतला, मग बॅटरीत घालायच्या पाण्यानं धुतला, पंख्याखाली वाळवला. तुझ्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवला आणि म्हटलं, ह्यावर मळ आहे? तू चष्मा लावून बघितलंस. नाही म्हणालीस. मी ड्रॉपरनं एक थेंब टाकला. फसफसलं. मी विजयी चेहऱ्यानं तुझ्याकडे बघितलं.

“म्हणजे तू नीट धुवक नाय,” तू म्हणालीस.

दादा हसून हसून खाटेवरून पडायचा बाकी होता.

मग मी म्हटलं, ओट्यावर टाकून बघ. ओटा मीच बसवलेला ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइटमध्ये कार्बोनेट नाही, त्यावर फेस येत नाही. टाकला थेंब. काही झालं नाही. मला वाटलं, आता तरी. तू पदरानं ओटा पुसलास आणि म्हणालीस, “ओट्यार येना नाय, कारण तो मी रोज पुसतंय.” माझ्या प्रत्येक प्रयोगातून तुझंच म्हणणं सिद्ध व्हायचं. पेटती काडी बुडबुड्यांवर धरून विझवून दाखवली, म्हटलं, हा गॅस आहे, मळातून गॅस निघेल का? तू म्हणालीस, “गटारातसून निघता तो काय?” शेजारची मालती दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्याचा तू तमाशा करून ठेवलास.

एकदाच तू मला खरोखर पकडलंस. मी दरवर्षी गणपतीच्या आधी येऊन फरशीला पॉलिश करून द्यायचो. एका वर्षी तू माझा डबा उचलून वाचायला लागलीस. “ऑक्झॅलिक ॲसिड. म्हणजे तू पण ॲसिडच घालतस! आणि माका शिकवतस?” त्या पॉलिशवाल्या उस्तादानं शिकवलं होतं, शेवटच्या हाताला ही पावडर टाकायची, म्हणून मी टाकत होतो. का टाकतात हे कधी विचारलंच नव्हतं. हिंदमाताजवळ एका निवृत्त केमिस्ट्रीच्या सरांच्या घरचं काम चालू होतं, त्यांना जाऊन विचारलं. त्यांनी समजावलं की तुझं बाटलीतलं ॲसिड दगड विरघळवून त्याचं पाण्यात जाणारं मीठ करतं, पण ऑक्झॅलिकचं जे मीठ होतं ते पाण्यात विरघळत नाही. ते मशीनच्या पॅडखाली रगडलं की दगडावरच घट्ट पातळ थर होऊन बसतं आणि चमकतं. चाळीशी उलटल्यावर मला माझाच धंदा कळला, तोही तू टोचलंस म्हणून. मी धावत तुला सांगायला आलो. तू पूर्ण ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, “म्हणजे ॲसिड वाईट नाय, माणूस वाईट.” आणि आत जाऊन सोलकढी आणलीस. वाटी ठेवलीस कुठे? फरशीवर. कोकमानं त्या जागी गोल डाग पडला. तो अजून आहे.

दादा गेल्यावर तुझं ॲसिड वाढलं. एकटी राहायचीस, कामाला काही उरलं नाही, मग घास फरशी. मी यायचो, शिव्या घालायचो, मशीन लावायचो, चमकवून जायचो, तू पुन्हा ओतायचीस. दरवर्षी दगड थोडा पातळ होत होता. दाराजवळ आता पाऊल टाकलं की खळगा जाणवतो. तू आणि मी मिळून ही फरशी संपवत आणली, तू ओतून आणि मी घासून.

या वर्षी गणपतीच्या आधी आलो तर खाटेपाशी चार-पाच ठिपके दिसले. मी ते घासून काढले आणि ठरवलं, आता बस. तुझ्या गणपतीच्या दिवशी, आरती झाल्यावर, सगळ्यांसमोर म्हटलं, वहिनी, पाटाला हात लावून सांग, पुन्हा ॲसिड टाकणार नाही. मला वाटलं तू हसून उडवशील. तू सरळ पुढे झालीस, पाटाला हात लावलास आणि म्हणालीस, “नाय टाकणार.” तेव्हा तुझा हात किती बारीक झालाय हे माझ्या लक्षात आलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. वय झालं, असं मनात म्हटलं आणि मोदकाकडे वळलो.

मग दसरा. सोनं द्यायला आलो. पायातली चप्पल काढतोय तोच खाटेपाशी नजर गेली. पुन्हा डाग. गणपतीपेक्षा जास्त. सात-आठ तरी असतील. माझं डोकं फिरलं, वहिनी. मी सोनं तुझ्या हातात द्यायचं सोडून ओट्यावर टाकलं आणि सुरू झालो. गणपतीची शपथ घेतलीस आणि मोडलीस? देवाची भीती नाही? दोन महिनेसुद्धा धीर धरवला नाही? मालती बाहेर आली, समोरच्या खोलीतले बाहेर आले. मी थांबलो नाही. सत्तरीच्या बाईला मी गॅलरीत उभा राहून शपथमोडी म्हटलं.

तू खाटेच्या कडेवर बसलेली होतीस. तू काय केलंस? ज्या बाईनं पन्नास वर्षांत चूक कबूल केली नाही, जिनं फसफसणाऱ्या कोऱ्या दगडासमोर हार मानली नाही, ती खाली बघत म्हणाली, “होय, टाकलंय ॲसिड. चुकला माझा. चाय घे.”

चुकला माझा. तिथेच मला कळायला हवं होतं. तू चुकलं म्हणतेस म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. मी जिंकलो होतो. मी खुर्ची ओढून बसलो आणि तुझा चहा प्यालो. तू स्वतः घेतला नाहीस. मी का म्हणून विचारलंही नाही.

त्यानंतर महिन्याभरानं ज्योतीनं तुला परळच्या हॉस्पिटलात नेलं आणि नऊ दिवसांत सगळं आटपलं. पोटाचं होतं, पसरलेलं होतं. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धं सोडलं. तुझ्या घशात नळी घातली होती म्हणून तुला बोलता येत नव्हतं. मी रोज स्टुलावर बसून तुझ्या हातावर हात ठेवायचो आणि फरशीबद्दल बोलायचो. बरी होऊन ये, मग नवीन घालतो, काळी घालतो, मळ दिसणार नाही. तू डोळ्यांनी हो म्हणायचीस.

आज सकाळी मशीन न आणता एकटाच आलो, किल्ली मालतीकडून घेतली. ज्योती अकराला येणार होती. खाट सरकवली, खिडकी उघडून उजेड घेतला आणि गुडघ्यावर बसलो. बाटली अजून सापडली नव्हती तेव्हा.

आता ऐक, मी काय वाचलं ते. बाटलीतून ओतलेलं ॲसिड धावतं. मी मोरीकडे उतार दिलाय, त्या उतारानं ते पट्टा काढत जातं, आणि तू वरून खराटा मारायचीस त्याच्या रेघा राहतात. पंचवीस वर्षं मी तेच पट्टे घासत आलोय. हे डाग धावलेले नव्हते. ते पडले तिथेच बसलेले, कडेला बारीक शिंतोडे. खाटेच्या उशाच्या बाजूला सगळ्यात जास्त. मग मोरीच्या वाटेवर एक, आणि एक अगदी मोरीच्या कट्ट्याशी, पोचता पोचता राहिलेला. आणि प्रत्येक डागाभोवती फडक्याचं पुसट अर्धवर्तुळ. उलटं. डाव्या हाताचं. पण केवढंसं, वहिनी! तुझा फडका पूर्वी हातभर फिरायचा. ही अर्धवर्तुळं वितीएवढी होती. खाटेवर बसून, खाली वाकून, जेमतेम हात पुरेल तेवढंच पुसलेलं.

माणसाच्या पोटात जे ॲसिड असतं ते तुझ्या बाटलीतलंच. हायड्रोक्लोरिक. बाटलीतलं जास्त तिखट, पोटातलं कमी, पण जात तीच. मार्बलला दोन्ही चावतात. हे मला माहीत होतं. टॉवरमधल्या लोकांना मी स्वतः सांगितलंय, लहान मूल ओकलं तर लगेच पाणी मारा, नाहीतर डाग राहील. लोकांच्या मुलांच्या ओकाऱ्या मला ओळखता येतात. माझ्या घरच्या फरशीवर, मला वाढवलेल्या बाईची उलटी मला ओळखता आली नाही. मी तिच्यावर ओरडलो आणि चहा प्यालो.

मालतीला विचारलं. ती आधी नाही नाही म्हणाली, मग रडायला लागली. “पहाटे आवाज यायचा, भावोजी. मी विचारलं तर म्हणाल्या, पित्त आहे. माझ्या गळ्याची शपथ घातली, ज्योतीला नि बाबूला सांगू नको. ज्योतीची रजा जाते, बाबूचा जीव घाबरा.”

बाबूचा जीव घाबरा! वहिनी, काय म्हणू तुला? एकीला गळ्याची शपथ घालून गप्प बसवलंस. स्वतः गणपतीची शपथ पाळलीस आणि मोडली म्हणून सांगितलंस. देवासमोर खोटी ठरलीस, चाळीसमोर खोटी ठरलीस, माझ्याकडून नको ते ऐकून घेतलंस. एवढं करण्यापेक्षा एकदा तोंड उघडून, बाबू, माका बरा नाय, एवढं म्हणायला काय झालं होतं? मार्बलमध्ये एक जात असते, तिच्यावर थेंब टाकला तर ढिम्म हलत नाही. खरवडून पूड काढली की मग कुठे बुडबुडे येतात. तू त्यातली. पण मी तुला खरवडायला हवं होतं की नको? मी तर वरवरचा दगड बघून निकाल देऊन मोकळा झालो.

मग फडकं शोधायला मोरीवरच्या फळीवर हात घातला आणि बाटली हाताला लागली. सील न फोडलेली.

साडेदहा वाजले होते. ज्योती निघालीय असा मेसेज आला. मी खाटेवर बसून विचार करत राहिलो. तिला काय सांगू? खरं सांगितलं तर पुढची वीस वर्षं ती दर रविवार मोजत बसेल, कुठल्या रविवारी आई किती वाळली होती, कुठल्या रविवारी भाजी तशीच परत नेली. मी तिला ओळखतो, ती तुझीच पोर आहे. आणि खोटं सांगायचं तर मी दगडाबद्दल आयुष्यात कधी खोटं बोललेलो नाही. डुप्लिकेट मालाला मकराणा मार्बल म्हटलं नाही, म्हणून दोन चांगली कामं गेली, तरी नाही म्हटलं. हे तुला माहीत होतं. ज्योतीलाही माहीत आहे, म्हणून तर तिनं मला विचारलं.

वहिनी, मी सील फोडलं.

खाटेच्या उशापासून सुरुवात केली. थोडं थोडं ओतत, उताराच्या दिशेनं, मोरीपर्यंत. माझ्या हातानं, मी बसवलेल्या फरशीवर. ते धावलं आणि फसफसलं. पांढरा फेस तुझ्या सगळ्या ठिपक्यांवरून गेला, त्या वितीएवढ्या अर्धवर्तुळांवरून गेला. वास नाकात बसला, डोळ्यांतून पाणी आलं. पंचवीस वर्षं ज्याच्यावरून तुझ्याशी भांडलो ते मी स्वतः करत होतो. खराटा घेऊन तुझ्यासारख्या रेघा मारल्या. मग तीन बादल्या पाणी ओतलं, पुसून काढलं, पंखा लावला. अर्धी बाटली फळीवर समोर दिसेल अशी ठेवली. बघितलं तर खाटेपासून मोरीपर्यंत हुबेहूब तुझ्या हातचा आंधळा पट्टा.

ज्योती आली ती दारातच थबकली. “ॲसिडचा वास येतोय.”

मी जो सुरू झालो, वहिनी! “येणार नाही तर काय! ही बघ बाटली, अर्धी संपलेली. मी उघडून बघितली. तुझ्या आईनं गणपतीच्या पाटाला हात लावून शपथ घेतली होती, सगळ्या चाळीनं बघितलंय. वर धूळ बसली होती म्हणून तुला ठिपके वाटले. धुतलं तर हा पट्टा निघाला. बघ, बघ, हा उतारानं गेलाय, ह्या खराट्याच्या रेघा. बाटलीचंच आहे. माझ्या फरशीची वाट लावली बाईनं. शेवटपर्यंत ऐकलं नाही!”

माझा आवाज चढला होता, गॅलरीत मालती येऊन उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघत होती, पदर तोंडाला लावून. ज्योती खाली बसली. पट्ट्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, हिला कळलं. लॅबमधली पोर आहे.

“नक्की, काका?”

“चाळीस वर्षं हेच करतोय मी.”

तिच्या खांद्यांतला ताठा गेला. आणि ती हसली, वहिनी. सतरा दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता रडायला लागली. “आई ऐकायचीच नाही ना रे कोणाचं. पाहुण्यांना मात्र सांगायची, माझ्या दिरानं घातलीय फरशी, चपला बाहेर काढा.”

हे मला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती तुझ्या खाटेवर टेकली आणि बोलता बोलता झोपली. भर दुपारी, बाहेर हातगाडीवाल्याच्या आरोळ्या चालू असताना, तोंड उघडं टाकून. मालती चहा घेऊन आली, ज्योतीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि कप माझ्या हातात देऊन गेली. मी दाराशी बसून हे लिहितोय. उद्या मशीन आणून हा पट्टा घासायचा आहे. दगडात अजून एक-दोन वेळा घासण्याइतका जीव आहे, निघेल.

ज्योतीला सांगितलं ते बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, “तुका काय कळता?” म्हण. आज मी भांडणार नाही. फक्त दसऱ्याचं तेवढं परत घेतो. तुझी चूक नसताना तू जे शब्द म्हणालीस ते माझे होते. चुकला माझा, वहिनी. चहा निवतोय, मला घ्यावासा वाटत नाही.